साधे पान, भरलेला गल्ला

आमच्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. शहापुरात राहतात. त्यांच्या हातची शेंगा चटणी, कारळ्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला एकदा खाल्लेला माणूस पुन्हा मागितल्याशिवाय राहत नाही. थोरल्या भाऊजींची नोकरी अचानक सुटली तेव्हा अक्कांनी ही चटणी विकायला सुरुवात केली. गल्लीतल्या मुली लग्न होऊन पुण्याला, मडगावला गेल्या, मुले नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. त्यांच्याबरोबर डबे गेले आणि मागून फोन येऊ लागले. बघता बघता निम्मा घरखर्च चटणीवर चालू लागला.

कोरोनाच्या आधीच्या वर्षी अक्कांना कुणीतरी सांगितले, की आता वेबसाइट असल्याशिवाय धंदा वाढत नाही. मग वेबसाइट करून देणारा एक जण गाठला. दोन दिवाळ्यांची शिल्लक त्याला दिली. वेबसाइट तयार झाली त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना चहाला बोलावणे होते. पुतण्याने लॅपटॉप उघडला. आधी बासरी वाजली. मग बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, चटणीची वाटी, अक्कांचा पैठणीतला फोटो अशी चित्रे एकामागून एक सरकू लागली. वर सोनेरी अक्षरे चमकत होती. अक्का म्हणाल्या, "कशी दिसालीय बघ की!" खरोखरच छान दिसत होती. लग्नाच्या पत्रिकेसारखी.

पुढच्या सात-आठ महिन्यांत त्या वेबसाइटवरून आलेल्या मागण्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. जुनी गिऱ्हाईके फोनच करत होती. अक्का काही बोलत नसत, पण भाऊजी बोलत, आणि ते ऐकायला बरे वाटत नसे. एके दिवशी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून माझ्या मोबाइलवरून चटणी मागवून बघितली. पान उघडेना. उघडले तेव्हा शांत स्टाफरूममध्ये मोठ्याने बासरी वाजली आणि कन्नडचे प्राध्यापक दचकून उठले. बासरी बंद करायचे बटण सापडेपर्यंत समोर एक चौकट आली, 'सभासद व्हा'. ती बाजूला सारली तर भाव कुठेच दिसेना. चटणीच्या फोटोखाली फक्त 'संपर्क साधा' असे होते. घरच्या माणसाची ही गत, तर हुबळीत बसलेल्या अनोळखी बाईने का थांबावे?

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. मी अर्थशास्त्र शिकवते, संगणक नव्हे. पण कोणत्या वेबसाइटने पैसा मिळवला आणि कोणत्या बुडाल्या, याचा इतिहास आता तीसेक वर्षांचा झाला आहे, आणि तो आपल्यासारख्या घरगुती धंदा करणाऱ्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

सुरुवात एका बुडालेल्या दुकानापासून करते. बू डॉट कॉम हे त्याचे नाव. लंडनमधून चालणारे आणि फॅशनेबल कपडे-बूट विकणारे हे इंटरनेटवरचे दुकान नोव्हेंबर १९९९ मध्ये एकाच वेळी अनेक देशांत उघडले. कपडा चारी बाजूंनी फिरवून बघता येत होता. गिऱ्हाइकाशी बोलायला 'मिस बू' नावाची एक चित्रातली बाई होती. मात्र त्या काळी बहुतेकांच्या घरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे. आपल्याकडच्या सायबर कॅफेत बसलेल्यांना तो कुर्रकुर्र आवाज आठवत असेल. त्या तारेवरून हे दुकान उघडता उघडता गिऱ्हाईक कंटाळून जाई आणि काही संगणकांवर तर ते धड उघडतच नसे. उधळपट्टीसारखी इतर कारणेही होतीच. सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्चून मे २००० मध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत, दुकानाला टाळे लागले.

आता याच काळातली दुसरी गोष्ट. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल काढले. त्या वेळी याहूसारख्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर बातम्या, हवामान, राशिभविष्य, खरेदी, सगळ्याची जत्रा भरलेली असे. गूगलचे पान पांढरे, त्यावर नाव आणि एक रिकामी चौकट. यामागे फार मोठा विचार होता असेही नाही. पान सजवायला त्यांच्याकडे माणूसच नव्हता आणि ब्रिनला ती विद्या जेमतेम येत होती, असे तिथल्या जुन्या अधिकारी मरिसा मायर यांनी पुढे सांगितले आहे. त्यांचीच आणखी एक आठवण आहे. सुरुवातीला काही माणसांना ते पान वापरून बघायला बसवले, तर ती नुसती बसून राहिली. का, तर उरलेले पान उघडायची वाट बघत होती! शेवटी पान इथेच संपले हे कळावे म्हणून तळाशी हक्कांबद्दलची एक बारीक ओळ टाकावी लागली.

कमाईची वेळ आली तेव्हाही त्यांनी हाच साधेपणा ठेवला. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने जाहिरातदारांसाठी अ‍ॅडवर्ड्‌स ही योजना सुरू केली तेव्हा अवघे ३५० जाहिरातदार होते. जाहिरात म्हणजे नुसत्या दोन-तीन ओळी. चित्र नाही, हलणे-चमकणे नाही. त्या आधी १९९४ पासून वेबसाइटवर चित्रांच्या आडव्या पट्ट्या लावण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि चार वर्षांतच अभ्यासकांच्या लक्षात आले होते की लोकांची नजर अशा पट्ट्यांवर ठरतच नाही. डोळा त्यांना वळसा घालून पुढे जातो. गूगलची जाहिरात मात्र माणूस जे शोधत आहे त्याच्याशी जुळणारी आणि वाचता येणारी होती. पुढची कहाणी सर्वांना माहीत आहे.

लोक काय मागतात आणि प्रत्यक्षात काय करतात यातला फरकही गूगलनेच दाखवला. एका पानावर दहाऐवजी तीस निकाल दाखवले तर आवडेल, असे लोकांनी सांगितले होते. तसे करून पाहिले तर वापर वाढण्याऐवजी सुमारे २० टक्क्यांनी घटला. मायर यांनी २००६ साली याचे कारण सांगितले ते असे, की जास्त निकालांमुळे पान उघडायला अर्धा सेकंद उशीर होत होता. अर्धा सेकंद! आपल्याकडे एवढ्या वेळात "या, बसा" असेही म्हणून होत नाही.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण मात्र क्रेग्जलिस्टचे आहे. क्रेग न्यूमार्क या गृहस्थाने १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या मित्रांना शहरातल्या कार्यक्रमांची यादी ईमेलने पाठवायला सुरुवात केली. यादीत हळूहळू भाड्याच्या खोल्या, नोकऱ्या, जुनी कपाटे, सायकली येऊ लागल्या आणि तिची वेबसाइट झाली. ती आजही बघा. निळ्या अक्षरांचे रकानेच्या रकाने, पहिल्या पानावर एकही फोटो नाही. आपल्या साप्ताहिकातल्या छोट्या जाहिरातींचा रकाना आडवा पसरून ठेवावा, तशी. इतकी वर्षे झाली, जवळपास तशीच आहे. बहुतेक जाहिराती फुकट. पैसे घेतात ते नोकरीच्या जाहिराती आणि अशा काही प्रकारांसाठी. एवढ्यावर, मोजक्या माणसांच्या बळावर, ही कंपनी उत्तम नफ्यात चालत आली. ईबे या बड्या कंपनीने २००४ साली तिचा सुमारे चौथा हिस्सा विकत घेतला होता, तो २०१५ साली क्रेग्जलिस्टनेच परत घेतला.

याची दुसरी बाजू आमच्या संपादकांना आवडणार नाही. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला, की २००० ते २००७ या काळात क्रेग्जलिस्टमुळे अमेरिकेतल्या जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५ अब्ज डॉलर वाचले. वाचले म्हणजे वर्तमानपत्रांचे तेवढे बुडाले. निळ्या अक्षरांच्या त्या अनाकर्षक पानाने छोट्या जाहिरातींवर उभ्या असलेल्या वृत्तपत्रांचा पायाच हलवला. हे केवळ साधेपणामुळे झाले असे मी म्हणणार नाही. फुकट होते हे मोठे कारण. पण घर शोधणारा माणूस तिथे येऊन अर्ध्या मिनिटात घरांच्या यादीवर पोहोचत होता, हेही तितकेच खरे. आणि साध्या पानावर भामटेही साधेपणानेच येतात. तिथे फसवणुकीचे प्रकार पुष्कळ झाले आहेत.

साधेपणाच्या नावाखाली गबाळेपणा खपवणारेही असतात, आणि त्यातही कधी कधी पैसा असतो, हे मान्य करायला हवे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या मार्कस फ्रिंड या तरुणाने २००३ साली एकट्याने, राहत्या घरातून, 'प्लेंटी ऑफ फिश' ही वेबसाइट काढली. तरुण-तरुणींनी एकमेकांना भेटण्यासाठीची. आपल्या वधू-वर सूचक मंडळाची तिकडची धीट बहीण म्हणा. फुकट होती आणि दिसायला ओबडधोबड. कमाई गूगलच्या जाहिरातींवर. २००६ साली दोन महिन्यांच्या कमाईपोटी त्याला सुमारे नऊ लाख कॅनेडियन डॉलरचा चेक आला आणि वेबसाइटवाल्यांच्या जगात त्याची एकच चर्चा झाली. पुढे २०१५ साली त्याने ती ५७.५ कोटी अमेरिकी डॉलरना विकली.

या वेबसाइटवर लोकांचे फोटो चेपलेले, ताणलेले दिसत. दुरुस्ती सोपी होती, पण फ्रिंड ती करत नव्हता. फोटो नीट दिसत नाही म्हटल्यावर माणूस नाव दाबून पुढच्या पानावर जातो, आणि जितकी पाने उघडतील तितक्या जाहिराती दिसतात. म्हणजे हा गैरसोयीतून मिळवलेला पैसा. मला हे पटत नाही. तिथे येणाऱ्याला सगळे फुकट होते म्हणून चालून गेले. चटणी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला अशा चकरा मारायला लावल्या तर ते शेजारच्या दुकानात जाईल.

विक्रीच्या वेबसाइटवर अडचण कुठे असते, ते जॅरेड स्पूल या तज्ज्ञाने सांगितलेल्या एका प्रसंगातून नेमके कळते. २००९ साली त्यांनी लिहिलेली ही हकिकत एका मोठ्या, नाव न सांगितलेल्या दुकानाची आहे. पिशवी भरून झाली, पैसे द्यायचे, तेवढ्यात गिऱ्हाइकासमोर चौकट येई. आधी नोंदणी करा, नाहीतर जुना पासवर्ड द्या. नवे लोक चिडत, जुन्यांना पासवर्ड आठवत नसे. स्पूल यांच्या सल्ल्याने नोंदणीचे बटण काढून तिथे 'पुढे चला' अशा अर्थाचे बटण आले आणि नोंदणी न करताही खरेदी होईल असा खुलासा आला. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्याच महिन्यात दीड कोटी डॉलरची, वर्षभरात ३० कोटी डॉलरची जास्त विक्री झाली. माल तोच, भाव तेच, फक्त दारातला अडसर काढला.

आपल्याच राज्यातले उदाहरण द्यायचे तर बेंगळुरूच्या फ्लिपकार्टचे देता येईल. २०१५ साली या कंपनीने मोबाइलवरची वेबसाइट बंद करून सर्वांना अ‍ॅप घ्यायला लावायचा प्रयत्न केला. तिच्याच मिंत्राने तर त्याच वर्षी वेबसाइट पूर्णच बंद केली. पण ज्यांच्या फोनमध्ये जागा कमी, इंटरनेट मंद, त्यांनी काय करायचे? नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टने 'फ्लिपकार्ट लाइट' ही हलकी वेबसाइट आणली. लोक तिच्यावर आधीपेक्षा तिप्पट वेळ थांबू लागले आणि तिला डेटाही तिपटीने कमी लागत होता. मिंत्रालाही २०१६ साली वेबसाइट पुन्हा सुरू करावी लागली.

इथे एक शंका कुणीही काढील. गणपत गल्लीतले साडीचे दुकान दिव्यांनी झगमगत नसेल तर गिऱ्हाईक पायरी चढेल का? मग वेबसाइट का झगमगू नये? माझे उत्तर असे, की दुकानात आलेला माणूस बस किंवा रिक्षा करून आलेला असतो. गादीवर बसतो, चहा घेतो, आता एवढे आलोच आहोत तर बघू म्हणतो. वेबसाइटवर आलेल्या माणसाने काहीच खर्च केलेला नसतो. बाहेर पडायला त्याला अंगठा हलवणे पुरते. तिथली सजावट त्याला आत ओढत नाही, वाट अडवते.

याचा अर्थ फोटो नकोत असा नाही. शहापुरी साडी घेणारीला काठ आणि पदर जवळून दिसलाच पाहिजे, तो फोटो म्हणजे माल आहे. किल्ल्याचा फोटो चटणीच्या काय कामाचा? आणि हा साधेपणा आपोआप येत नाही, त्यामागे मेहनत असते. निळ्या अक्षरांची निळाई नेमकी कोणती असावी हे ठरवायला गूगलने ४१ छटा लोकांवर तपासून पाहिल्या. त्यातून वर्षाला २० कोटी डॉलर जादा मिळाले, असा दावा त्यांच्या एका अधिकाऱ्याने २०१४ साली केला होता.

असो. अक्कांच्या वेबसाइटकडे परत येऊ. मी पाहिले ते पुतण्याला सांगितले. अक्कांना कसे सांगायचे हा प्रश्न होता. पैसे गेले याचे दुःख होतेच, पण त्या सोनेरी अक्षरांत त्यांना आपले नाव प्रथमच कुठेतरी झळकलेले दिसले होते. "मग काय दरिद्र्यासारखी पांढरी करणार व्हय?" असे त्यांनी विचारले. पुतण्या हुशार. तो म्हणाला, "आई, तू बाजारात गेलीस की काय विचारतीस?" अक्का म्हणाल्या, "काय विचारणार? एष्ट री, म्हणून विचारतो." भाव काय! तोच तर पानावर नव्हता.

नवे पान त्याने दिवाळीच्या सुट्टीत घरीच केले. पांढरा कागद, काळी अक्षरे. चार पदार्थ, प्रत्येकाचा एकच फोटो. शेजारी पाव किलोचा आणि अर्ध्या किलोचा भाव, टपालखर्च, पार्सल किती दिवसांत पोहोचते ते. खाली फोन नंबर आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, जी माझ्या आली नव्हती. जुन्या वेबसाइटवरची सोनेरी अक्षरे ही अक्षरे नव्हतीच, ते चित्र होते. चित्रातला मजकूर शोधयंत्राला धड वाचता येईलच असे नाही. श्रीलिपीतले मराठी आणि नुडीतले कन्नड दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की कसे चिन्हांचे कडबोळे व्हायचे ते आपण अनुभवले आहे. त्या काळी चित्र करून टाकण्याला काही अर्थ होता. आता युनिकोड असताना नाही. त्याने सगळी नावे साध्या अक्षरांत मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत लिहिली. शेंगा चटणीला दोन्हीकडे नाव एकच, फक्त लिपी बदलली. कारळ्याला गुरेळ्ळु आणि जवसाला अगसी. कन्नडात कुणी 'गुरेळ्ळु चटणी' शोधली तर आता अक्का सापडू शकतात. आधी दोन भाषांसाठी दोन वेगळी पाने होती आणि दारातच 'भाषा निवडा' असा प्रश्न होता. आपल्या घरांत भाषा निवडून कोण बोलतो? एका वाक्यात दोन्ही येतात. ते पानावरही शोभून दिसले.

आता धारवाड, हुबळी, विजयपूर इथून अनोळखी माणसांच्या मागण्या येतात. अक्कांनी कामाला दोन बायका ठेवल्या आहेत आणि पुतण्या आठवड्यातून दोनदा पार्सलांची पिशवी घेऊन टपाल कार्यालयात जातो. हे सगळे पांढऱ्या पानामुळेच झाले असे सांगितले तर माझेच विद्यार्थी मला पकडतील. मधल्या काळात कोरोना आला, लोकांना घरबसल्या मागवायची सवय लागली, मोबाइलवरून पैसे देणे सोपे झाले, अक्कांच्या गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना सांगितले. यातल्या कशाचा वाटा किती, ते वेगळे काढता येत नाही. एवढे खात्रीने सांगता येते, की आता आलेला माणूस भाव न बघता परत जात नाही.

अक्कांचा एक हट्ट मात्र राहिला. पानाच्या माथ्यावर गणपती हवा. पुतण्याने चित्र बारीक करून, हलके करून नखाएवढा गणपती बसवला. तो हलत नाही, त्याला बासरी नाही. परवा मी गेले होते तेव्हा फोन वाजला. धारवाडहून एक आजी बोलत होत्या. पान समोर उघडे ठेवूनच त्यांनी फोन केला होता. भाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला, तरी पहिला प्रश्न "एष्ट री?" अक्का पदर सावरून खुर्चीवर बसल्या आणि पंधरा मिनिटे बोलत राहिल्या.